वळसंग ते अक्कलकोट, मुंबईमार्गे

सोलापूरहून अक्कलकोटकडे जाणाऱ्या रस्त्यावर, साधारण निम्म्या वाटेवर वळसंग लागतं. गाव दक्षिण सोलापूर तालुक्यातलं, पण अक्कलकोटही तितकंच हाताशी. आता असं धरू, की वळसंगातला एक दुकानदार अक्कलकोटच्या व्यापाऱ्याला व्हिडिओ कॉल करून टॉवेलचा माल दाखवतोय आणि दोघांकडे दोन वेगळ्या कंपन्यांचं इंटरनेट आहे. वळसंगातून निघालेलं ते चित्र अक्कलकोटच्या दिशेला वळतच नाही. ते आधी सोलापूरला जातं, तिथून पुण्याकडे आणि बहुधा पुढे घाट उतरून मुंबईला. तिथे या कंपनीचं जाळं त्या कंपनीच्या जाळ्याला भेटतं, चित्राचा हातबदल होतो आणि ते पुन्हा घाट चढून, पुणे-सोलापूर करत, कदाचित वळसंगच्या वेशीवरूनच अक्कलकोटला पोचतं. पंधरा-वीस किलोमीटरवरच्या शेजाऱ्याकडे जायला साडेनऊशे किलोमीटरचा वळसा. इंटरनेटने अंतर मिटवलं असं आपण सहज बोलून जातो. खरं तर अंतर मोजायची पट्टी तेवढी बदलली. दोन गावं एकमेकांपासून किती लांब, हे आता दोघांची जाळी कुठे एकत्र येतात त्यावर ठरतं. आणि ती जागा कुठे असावी हे डोंगर, नद्या, घाट, समुद्रकिनारा आणि दीडशे वर्षांपूर्वी आखलेले लोहमार्ग यांनी बऱ्याच अंशी आधीच ठरवून ठेवलंय.

याला पुरावा काय, असं कुणी विचारलं तर तो प्रकाशाच्या वेगात सापडतो. पोकळीत प्रकाश सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर जातो. काचेच्या तंतूत तो मंदावतो आणि सुमारे २ लाखांवर येतो. म्हणजे एका मिलिसेकंदात २०० किलोमीटर, आणि जाऊन-येऊन धरलं तर १०० किलोमीटर. कोणत्याही संगणकावरून दूरच्या यंत्राला ‘आहेस का?’ असं विचारणारा छोटासा संदेश पाठवता येतो, त्याला पिंग म्हणतात. उत्तर २ मिलिसेकंदांत आलं, तर ते यंत्र तारेच्या वाटेने २०० किलोमीटरच्या आत असलंच पाहिजे. सोलापुरातून विचारलं असेल, तर ते मुंबईत असणं शक्यच नाही, मग त्याच्या मालकाने पत्ता काहीही सांगो. उलट बाजूने मात्र हा न्याय लागू पडत नाही. उत्तर उशिरा आलं म्हणजे यंत्र लांबच आहे असं ठरत नाही, कारण वाटेत गर्दी असेल तर संदेश रांगेत थांबतो. अशा वेळी ‘ट्रेसरूट’ ही आज्ञा कामी येते. संदेश वाटेतल्या कोणकोणत्या राउटरवरून गेला याची यादी ती देते, आणि पुष्कळदा त्या राउटरांच्या नावांतच शहराची आद्याक्षरं लपलेली असतात. एका गावातून शेजारच्या गावाकडे निघालेला संदेश मुंबईच्या राउटरावर उगवलेला त्या यादीत दिसतो. मुंबई आणि सोलापूर यांच्यात सरळ रेषेत सुमारे ३५५ किलोमीटर अंतर आहे. रेल्वेने ते ४५५ भरतं. सरळ रेषेत काच टाकता आली असती तर जाऊन-येऊन साडेतीन मिलिसेकंद लागले असते, रुळांच्या वाटेने साडेचार लागतात. हा जादाचा एक मिलिसेकंद सह्याद्रीचा आणि भीमेच्या खोऱ्याचा.

काचेची वायर रुळांच्याच वाटेने का जाते, हे समजून घ्यायला थोडं मागे जावं लागतं. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेची पहिली गाडी १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे धावली. सोलापूरला रेल्वे १८६० साली पोचली, पण तेव्हा बोरघाटाचं काम चालूच होतं. घाटाच्या वरचा खंडाळा-पुणे मार्ग १८५८ साली सुरू झाला होता, तिथून रूळ दौंड, डिकसळ, कुर्डुवाडी, मोहोळ असे भीमेच्या खोऱ्यातल्या सपाटीवरून भराभर पुढे सरकले. मधला घाटाचा तुकडा मात्र १८६३ पर्यंत प्रवाशांना पालखीने नाही तर बैलगाडीने पार करावा लागे. काही मैलांच्या त्या चढाने शेकडो मैलांचं वेळापत्रक अडवून धरलं होतं. पुढे १८७१ मध्ये हीच रेल्वे रायचूरला मद्रासकडून येणाऱ्या रेल्वेला जाऊन मिळाली आणि मुंबई-मद्रास हा देशाच्या दोन किनाऱ्यांना जोडणारा मार्ग सोलापुरावरून पक्का झाला. रुळांच्या कडेने तारायंत्राचे खांब उभे राहिले. तारेला जमीन लागते, जमिनीला मालक असतो, आणि हजारो मालकांकडून एकेक पट्टी मिळवण्यापेक्षा ज्याच्याकडे आधीच सलग पट्टी आहे त्याच्याशी एकच करार करणं केव्हाही सोपं. हे गणित १८६० सालीही तसंच होतं आणि २००० सालच्या सप्टेंबरात रेलटेल ही सरकारी कंपनी स्थापन झाली तेव्हाही तसंच होतं. रेलटेलने रुळांलगत आजवर ६० हजार किलोमीटरहून जास्त फायबर टाकलं आहे. खासगी कंपन्यांनी महामार्गाची कड धरली. पण पुणे-सोलापूर-हैदराबाद महामार्गही नदीचं खोरं आणि कमी चढ बघूनच आखलेला, त्यामुळे वाट फार वेगळी पडली नाही.

जमिनीखाली हे प्रकरण कसं दिसतं तेही पाहायला हवं. फायबरसाठी साधारण दीड मीटरहून थोडा जास्त खोल चर खणतात, त्यात जाड प्लॅस्टिकचा पाइप टाकतात आणि केबल त्या पाइपात हवेच्या दाबाने पुढे ढकलत नेतात. पाइप लागतो, कारण आपल्याकडची काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून तिला भेगा पडतात. उघडी केबल या ओढाताणीत टिकणार नाही. जिथे माती संपून काळा पाषाण वर येतो तिथे तेवढं खोल जाणं परवडत नाही, मग वर काँक्रीट घालून भागवतात आणि केबल उथळ राहते. केबलच्या आत केसाहून थोडा जाड, ०.१२५ मिलिमीटरचा काचेचा तंतू, आणि त्याच्याही मधोमध ९ मायक्रॉनचा गाभा. प्रकाश जातो तो फक्त या गाभ्यातून. केबल तुटली की दोन्ही टोकांवरचं आवरण सोलून, तंतू स्पिरिटने पुसून, टोक अगदी काटकोनात कापून, ते एका छोट्या यंत्रात समोरासमोर धरतात. यंत्र ठिणगी सोडतं आणि काच काचेत वितळून जोडली जाते. धूळ लागली किंवा काप तिरका गेला की जोड वाया. २४ तंतूंची केबल असेल तर हेच २४ वेळा, रस्त्याच्या कडेला, पाल लावून. इतकी शुद्ध काच असूनही प्रकाश वाटेत मंद होतोच. दर १५ किलोमीटरला तो साधारण निम्मा होतो, शंभर किलोमीटरला शंभरावा हिस्सा उरतो. म्हणून दर ८० ते १०० किलोमीटरला त्याला बळ देणारं यंत्र बसवावं लागतं आणि त्या यंत्राला चोवीस तास वीज, थंड खोली आणि राखण लागते. या गोष्टी माळरानावर मिळत नाहीत, गावात मिळतात. त्यामुळे मधला प्रदेश निर्मनुष्य असलेल्या सरळ वाटेपेक्षा गावं जोडत जाणारी वाकडी वाटच फायबरला मानवते.

नकाशावर मुंबई आणि हैदराबाद यांच्यात पट्टी ठेवून रेघ ओढा. ती सोलापूरच्या अगदी जवळून जाईल. दोन शहरांतलं सरळ अंतर सुमारे ६२० किलोमीटर, आणि सोलापुरावरून गेलं तरी जेमतेम दहा-बारा किलोमीटर वाढतात. शिवाय इथून विजापूरमार्गे दक्षिणेला, तुळजापूरमार्गे मराठवाड्यात, वाडीमार्गे रायचूरकडे वाटा फुटतात. विजेच्या जाळ्यातही सोलापूरचं हेच स्थान आहे. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर-सोलापूर ही ७६५ किलोव्होल्टची वाहिनी सुरू झाली आणि तोवर वेगळं चालणारं दक्षिण भारताचं वीजजाळं उर्वरित देशाशी एकलय झालं. देशाचं एकच वीजजाळं झालं ते या जोडणीने. याचा इंटरनेटशी संबंध असा, की अशा वाहिन्यांच्या मनोऱ्यांच्या अगदी माथ्यावरून जाणारी, आकाशातली वीज अंगावर झेलण्यासाठी लावलेली जी तार असते, तिच्या पोटातूनच आता फायबर नेतात. पॉवरग्रिड कंपनीचा दूरसंचाराचा धंदा याच तारांवर उभा आहे. अशी तार ना जेसीबीच्या तोंडी पडते, ना पुरात वाहून जाते. रेल्वे, महामार्ग आणि वीज या तिन्ही वाटा जिथे एकमेकांना छेदतात असं शहर इंटरनेटच्या दृष्टीनेही चौक असायला हवं.

पण चौक असणं आणि तिथे गाडी थांबणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि माझ्या मते सगळं प्रकरण इथे येऊन अडतं. वळसंगच्या दक्षिणेला होटगी, तिलाटी, अक्कलकोट रोड अशी रेल्वेची स्थानकं लागतात. मुंबई-चेन्नई मेल याच रुळांवरून जाते, म्हणून काही तिलाटीच्या माणसाला तीत चढता येत नाही. फायबरचं तसंच आहे. मुंबईहून हैदराबादला किंवा चेन्नईला निघालेला प्रकाश एका ठरावीक रंगाच्या लहरीवर स्वार असतो आणि वाटेतल्या गावात त्याला बळ तेवढं मिळतं, तो उघडून पाहिला जात नाही. त्यातली माहिती मध्ये उतरवायची किंवा नवी चढवायची तर वेगळी, महागडी यंत्रणा बसवावी लागते, आणि ती बसवण्याइतकी मागणी इथे आहे असं कंपनीला वाटावं लागतं. तेवढं वाटलं तरी एक कंपनी थांबून भागत नाही. दोन शेजारी गावांतला निरोप तिथल्या तिथे फिरायचा तर दोन वेगळ्या कंपन्यांनी एकाच खोलीत येऊन आपापल्या वायरी एकमेकींना जोडाव्या लागतात.

अशा खोल्यांना इंटरनेट एक्स्चेंज म्हणतात, आणि त्यांचा इतिहास आपल्याकडे फार जुना नाही. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं. पुढे खासगी कंपन्या आल्या, पण प्रत्येकीची वायर थेट परदेशात जाई. त्यामुळे एका भारतीय कंपनीच्या ग्राहकाने दुसऱ्या भारतीय कंपनीच्या ग्राहकाला पाठवलेली ईमेल अमेरिका किंवा सिंगापूर गाठून परत येत असे. त्या वळशाचे पैसे डॉलरमध्ये मोजावे लागत. यावर उपाय म्हणून २००३ मध्ये नॅशनल इंटरनेट एक्स्चेंज ऑफ इंडिया, म्हणजे निक्सी, ही संस्था स्थापन झाली आणि नोएडा, मुंबई, चेन्नई, कोलकाता इथे पहिल्या भेटीच्या जागा तयार झाल्या. वळसंग-अक्कलकोट हा निरोप मुंबईमार्गे जातो, हे त्या मानाने सुधारलेलं चित्र आहे. पंचवीस वर्षांपूर्वी तो महासागर ओलांडून आला असता. एक्स्चेंजच्या जागा निवडताना मुंबईचं नाव येणं अटळ होतं, कारण समुद्राखालून येणाऱ्या बहुतेक पश्चिमेकडच्या केबली मुंबईच्या किनाऱ्याला लागतात, त्यातल्या कितीतरी एकट्या वर्सोव्याला. १८७० साली मुंबईला एडन-सुएझमार्गे लंडनशी जोडणारी तारायंत्राची केबल समुद्रात पडली, तीही हीच दिशा धरून. जिथे केबल किनाऱ्याला लागते तिथे कंपन्या जमतात, कंपन्या जमतात तिथे एक्स्चेंज होतं, एक्स्चेंजजवळ डेटा सेंटर उभी राहतात, आणि डेटा सेंटर आहेत म्हणून आणखी केबली येतात. नवी मुंबईतल्या ऐरोली, रबाळे, महापे या पट्ट्यात आज खिडक्या नसलेल्या अजस्र इमारतींची जी रांग दिसते ती या चक्राची निष्पत्ती. ॲमेझॉनने भारतातलं आपलं पहिलं क्लाउड केंद्र २०१६ मध्ये मुंबईत काढलं आणि दुसरं २०२२ मध्ये हैदराबादला. सोलापूर पुन्हा बरोबर मधे.

इथे एक रास्त शंका निघते. दहा मिलिसेकंदांच्या वळशाने कुणाचं काय बिघडतं? डोळ्याची पापणी लवायलाही शंभराहून अधिक मिलिसेकंद लागतात. शंकेत तथ्य आहे, आणि वळसंगच्या दुकानदाराला तो वळसा व्हिडिओ कॉलमध्ये जाणवणार नाही हे मान्य करायला हवं. काही धंद्यांत मात्र एवढ्याचंही मोल असतं. अमेरिकेत शिकागो आणि न्यूयॉर्क परिसरातल्या शेअर बाजारांना जोडायला २०१० मध्ये एका कंपनीने डोंगर फोडत शक्य तितकी सरळ फायबर टाकली, केवळ दोन-तीन मिलिसेकंद वाचवायला. पुढे काही वर्षांत मनोऱ्यांवरून हवेतून जाणाऱ्या लहरींनी तिलाही मागे टाकलं, कारण हवेत प्रकाश काचेपेक्षा दीडपट वेगाने जातो. मुंबईच्या राष्ट्रीय शेअर बाजारातही दलाल आपली यंत्रं बाजाराच्याच इमारतीत भाड्याने ठेवतात, ती याचसाठी. पण सामान्य माणसाचा मुद्दा वेगळा आहे. एक पान उघडायचं म्हणजे एक फेरी नव्हे. आधी नावाचा पत्ता विचारायचा, मग जोडणी मागायची, मग कुलूपकिल्ली ठरवायची, मग पान मागायचं, आणि पानातली चित्रं पुन्हा वेगळी. पाठवणारं यंत्र थोडी माहिती पाठवतं, पोच येण्याची वाट पाहतं, पोच आली की पुढची पाठवतं. अंतर दुप्पट झालं की प्रत्येक पोच दुप्पट उशिरा येते. शिवाय लांबच्या वाटेवर गळती जास्त, आणि गळलेलं पुन्हा मागवावं लागतं. तरीही माझा मुख्य आक्षेप वेळेवर नाहीच. लांब वळशाचा खरा तोटा हा, की वाटेतल्या प्रत्येक किलोमीटरवर वायर तुटू शकते. खंडाळ्याला केबल तुटली तर वळसंग-अक्कलकोट संपर्क तुटावा, याला भूगोलाचं कोणतंही कारण नाही.

दुसरी शंका तंत्रज्ञ मंडळी काढतात. आता सिनेमे, गाणी, लोकप्रिय व्हिडिओ यांच्या प्रती कंपन्या ठिकठिकाणी साठवून ठेवतात, त्यामुळे अर्ध्याहून अधिक वाहतूक लांब जातच नाही, मग अंतराची काळजी कशाला? ही सोय खरी आहे आणि तिने फार मोठा भार हलका केलाय. पण प्रती कुठे ठेवायच्या हे कोण ठरवतं? जिथे पुरेसे ग्राहक, स्वस्त वीज आणि अनेक कंपन्यांची जाळी एकत्र येतात तिथेच ते साठवण-संगणक बसतात. म्हणजे भूगोलाचा प्रश्न सुटला नाही, एक पायरी खाली सरकला. आणि प्रत ठेवता येते ती सगळ्यांनी बघायच्या गोष्टीची. पाच लाख लोक एकच सिनेमा बघतात, पण चहाच्या टपरीवर यूपीआयने दिलेल्या २० रुपयांची प्रत ठेवता येत नाही. तो व्यवहार देणाऱ्याच्या बँकेकडे, घेणाऱ्याच्या बँकेकडे आणि मध्ये यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआय या संस्थेकडे खरोखर जाऊन यावा लागतो. टपरीवाला आणि गिऱ्हाईक हाताच्या अंतरावर उभे असतात, त्यांचे पैसे मात्र दोन-तीन महानगरं फिरून येतात. सूतगिरणीच्या कार्यालयातून जीएसटीचं विवरण भरणं असो, तलाठ्याने सातबारा काढणं असो किंवा दवाखान्यातून तज्ज्ञाला दाखवायला पाठवलेला एक्स-रे असो, हे सगळं एकेकट्याचं आणि ताजं काम आहे. गावाला रोज लागतं ते हेच.

तिसरा आक्षेप सगळ्यात वजनदार. याला भूगोल का म्हणायचं, हा तर धंदा आणि सरकारी नियम यांचा खेळ आहे, असं अनेकांचं म्हणणं. मी ते अर्धं मान्य करतो. दूरसंचाराचे परवाने १९९०च्या दशकात सर्कलनिहाय दिले गेले. मुंबई हे स्वतंत्र सर्कल, महाराष्ट्र आणि गोवा मिळून दुसरं, कर्नाटक तिसरं. अक्कलकोट तालुका कर्नाटकाला खेटून आहे, तिथल्या सीमेवरच्या गावांना कलबुर्गी जवळ पडतं, पण जाळी सर्कलच्या चौकटीत वाढल्याने त्यांचा निरोप उलट्या दिशेला जातो. हे डोंगराने केलेलं नाही, कागदाने केलं. ग्रामपंचायतींना फायबरने जोडणारी योजना केंद्राने ऑक्टोबर २०११ मध्ये मंजूर केली, तिलाच पुढे भारतनेट हे नाव मिळालं. तिचा पहिला आराखडा तालुक्याच्या ठिकाणाहून ग्रामपंचायतीपर्यंत एकेरी वायर असा होता. असा आराखडा तालुक्याच्या सीमेवर येऊन संपतो. दक्षिण सोलापूर तालुक्याचा कारभार सोलापूर शहरातून चालतो, म्हणून या तालुक्यातल्या शेवटच्या गावाची वायर सोलापूरकडे आणि त्याच्या शिवेपलीकडच्या गावाची वायर अक्कलकोटकडे. दोन्ही गावांच्या बांधाला बांध लागलेला असला तरी त्यांच्या वायरी एकमेकींना पाठ करून उभ्या राहतात. ऑगस्ट २०२३ मध्ये मंजूर झालेल्या सुधारित भारतनेटमध्ये एकेरी वायरींऐवजी वर्तुळाकार जोडणीचा आग्रह धरला गेला, तो याच अनुभवातून आणि योग्य दिशेने. तरीही कागदालाच सगळा दोष देऊन चालणार नाही. तालुके आखताना नदी, घाट आणि जुन्या बाजारपेठा यांच्याकडेही बघितलं गेलं, आणि नियम बदलता आले तरी बोरघाट बदलता येत नाही.

आणि उपग्रह? आकाशातून इंटरनेट आलं की घाट, खोरी, चर सगळं मागे पडेल अशी आशा बरेच जण बाळगतात. विषुववृत्तावर एका जागी स्थिर भासणारा उपग्रह जमिनीपासून सुमारे ३६ हजार किलोमीटर उंच असतो. प्रश्न वर जाऊन खाली येतो, उत्तरही तसंच येतं, आणि या चार उड्यांमध्येच अर्धा सेकंद निघून जातो. साडेपाचशे किलोमीटर उंचीवरून फिरणाऱ्या नव्या उपग्रहांना हा त्रास नाही, त्यांचा वेग फायबरच्या जवळपास पोचतो. गडचिरोलीतल्या जंगलात किंवा मेळघाटात, जिथे फायबर न्यायला पिढी जाईल, तिथे ते मोलाचे ठरतील यात मला शंका नाही. पण उपग्रहालाही शेवटी जमिनीवरच्या केंद्रात उतरावं लागतं, ते केंद्र फायबरला जोडलेलं असावं लागतं, आणि अशी केंद्रं मोजक्याच ठिकाणी असतात. शिवाय एका उपग्रहाची क्षमता त्याच्या खालच्या सगळ्या मुलखात वाटली जाते. सोलापूर-अक्कलकोट पट्ट्यासारख्या दाट वस्तीच्या, रस्ता-रेल्वे असलेल्या भागात काचेच्या एका तंतूची बरोबरी तो करू शकत नाही.

एकाच वाटेवर विसंबण्याची किंमत मोठ्या प्रमाणात कशी मोजावी लागते हे ३० जानेवारी २००८ रोजी दिसलं. इजिप्तच्या अलेक्झांड्रियाजवळ समुद्रातल्या दोन मोठ्या केबली तुटल्या आणि भारताची पश्चिमेकडची बरीचशी क्षमता एका दिवसात गेली. कंपन्यांनी वाहतूक चेन्नईवरून सिंगापूरकडे वळवली. २०२४ च्या सुरुवातीला आणि पुन्हा सप्टेंबर २०२५ मध्ये तांबड्या समुद्रात केबली तुटल्या तेव्हाही हाच मार्ग उपयोगी पडला. अशा दिवशी मुंबईची वाहतूक द्वीपकल्प आडवं ओलांडून पूर्व किनाऱ्याला जाते, आणि त्या आडव्या वाटांपैकी सगळ्यात जुनी वाट १८७१ पासून सोलापूर-वाडी-रायचूर अशीच आहे. या वाटेवर कागदावर दोन, तीन, चार कंपन्यांच्या वेगवेगळ्या केबली दिसतात, पण मुंबई आणि पुणे यांच्यामध्ये रेल्वे, जुना महामार्ग आणि द्रुतगती मार्ग हे सगळे एकाच खंडाळ्याच्या खिंडीत गोळा होतात. नदीवर तर पूलच मोजके, आणि केबल पुलाच्या कठड्याला बांधून नेतात. सप्टेंबर २०२५ मध्ये सीना नदीला पूर आला आणि सोलापूर जिल्ह्यातले रस्ते पाण्याखाली गेले, तेव्हा या मुलखातली वाट किती थोड्या जागी अडवता येते ते सगळ्यांनी पाहिलं. पाऊस वर्षातून चार महिने, जेसीबी बारा महिने. खणण्याआधी जमिनीखाली कुणाच्या केबली आहेत ते कळावं म्हणून केंद्र सरकारने मार्च २०२३ मध्ये ‘कॉल बिफोर यू डिग’ हे ॲप काढलं, ते मुख्यतः याच कारणाने.

सोलापूरसारख्या शहरात एक्स्चेंजची खोली उघडणं हे फारसं खर्चाचं काम नाही. अवघड आहे ते मोठ्या कंपन्यांना तिथे येऊन एकमेकींशी जोडून घ्यायला भाग पाडणं, कारण आपली सगळी वाहतूक आपल्याच वायरीने मुंबईला नेणं त्यांच्या हिशेबात सोपं बसतं. इथे राज्य सरकारने आणि दूरसंचार नियामकाने नेट लावायला हवा असं माझं स्पष्ट मत आहे. रस्ता खोदण्याच्या परवानगीची नवी नियमावली १ जानेवारी २०२५ पासून लागू झाली आहे. तिचा आधार घेऊन, रस्त्याचं काम निघेल तेव्हाच सर्वांना भाड्याने घेता येईल असा रिकामा पाइप टाकून ठेवायचा, म्हणजे दर कंपनीला वेगळा चर खणावा लागणार नाही. आणि गावात फायबर आणणाऱ्या कंपनीला ग्रामपंचायतीने किती एमबीपीएस देणार एवढंच विचारून थांबू नये. सोलापूरकडची वायर तुटली तर अक्कलकोटकडून येणारी दुसरी आहे का, ती त्याच चरातून येते की रस्त्याच्या दुसऱ्या कडेने, आणि दोन्ही वायरी शेवटी सोलापुरातल्या एकाच इमारतीत जाऊन तर संपत नाहीत ना, हेही लेखी विचारावं.